टॉवेल कारखान्यातलं जुनं मशीन, दोन डिस्का आणि हातानं टाकलेलं लिनक्स

मामांचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आहे. खाली माग, वर ऑफिस. ऑफिसातला कॉम्प्युटर असेंबल केलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, आत पाचशे जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे. म्हणजे धडधाकट मशीन नियमानं भंगारात. "नवीन घ्या" हे मामांना भेटेल त्यानं सांगून झालं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "माझे माग तुझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत, ते चालतात. ह्यालाच काय धाड भरली बे?"

हिशेब, जीएसटी, ई-वे बिल हे सगळं अकाउंटंटच्या मशीनवर होतं. या कॉम्प्युटरवर होती ती टॉवेलची डिझाइनं, व्यापाऱ्यांना पाठवायचे फोटो, जुनी चलनं आणि मेल. एवढ्याला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टम, भरपूर झालं. मिंट, म्हणजे लिनक्सचाच सोपा प्रकार, टाकलं असतं तर इन्स्टॉलरनं विचारून विचारून सगळं उरकून दिलं असतं, आणि कुणाला झटपट चालू मशीन पाहिजे असेल तर मी आजही मिंटच सांगेन. पण हे मशीन पुढं मलाच सांभाळायचं होतं, बिघडलं की फोन मलाच येणार होता. तर मग आत कुठं काय ठेवलंय ते आपल्याला पाठ पाहिजे, म्हणून आर्च लिनक्स, तेही हातानं. आर्च २००२ पासून आहे आणि त्याचा रिवाजच असा, की पेनड्राइव्हवरून सुरू केलं की काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. डिस्कचे तुकडे तुम्ही पाडा, फॉरमॅट तुम्ही मारा, जोडा तुम्हीच. मदतीला आर्चइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट असते, ती मी बाजूला ठेवली.

मशीनला आठ जीबी रॅम आणि २४० जीबीची नवी एसएसडी मामांनी आणून ठेवली होती. मागांना सुट्टी होती तो दिवस धरला. मामांचा पोरगा डिप्लोमाला आहे, तो "दादा, मी पण बघतो" म्हणून येऊन बसला.

पार्टिशन, म्हणजे डिस्कचे तुकडे, किती जीबीचे पाडायचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. आधी ठरवायचं ते हे, की उद्या मशीन पुसून परत सगळं टाकायची वेळ आली तर काय गेलं तरी चालेल आणि कशाला धक्का लागता कामा नये. ते एकदा ठरलं की तुकडे आपोआप पडतात. विंडोजवाल्या मंडळींनाही हे अर्धवट माहीत असतं. विंडोज मारून देणारा "डी ड्राइव्हला हात लावत नाही" म्हणतो आणि आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात माणूस फाइल ठेवतो डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. मामांची निम्मी डिझाइनं तिथंच पडलेली निघाली. शिवाय सी, डी आणि ई तिन्ही एकाच डिस्कवर. डिस्क बसली की तिघंही एकदम बसणार.

म्हणून पहिलं काम त्या डिस्कची तब्येत बघायचं. पेनड्राइव्हवरून आर्च सुरू करून स्मार्टसीटीएल ही डिस्क तपासायची कमांड चालवली. त्यात लांबलचक तक्ता येतो, पण बघायच्या ओळी दोनच: पाच नंबरची, जिथं डिस्कनं स्वतःच बाद करून बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा असतो, आणि एकशे सत्त्याण्णव नंबरची, जिथं संशयित सेक्टर असतात. एकशे सत्त्याण्णवमध्ये शून्य होतं. पाचमध्ये नव्हतं. म्हणजे डिस्क वाचता येत होती, पण तिच्यावर नवीन काही ठेवायचं वय उलटून गेलं होतं. तिथंच ठरलं, की नवी सिस्टम आणि चालू काम एसएसडीवर, आणि जुनी डिस्क नुसती वाचायला.

डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन म्हटल्यावर ते पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. त्या अवस्थेत एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या, पार्टिशनवर बाहेरून काही लिहिलं तर फाइलींचा घोळ होऊ शकतो. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की ते खरोखर बंद होतं. तरीही मी माउंट करताना, म्हणजे पार्टिशन सिस्टमला जोडताना, आरओ हा पर्याय दिलाच, म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाव नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ५.१५ पासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, एनटीएफएस३ नावाचा ड्रायव्हर आहे, त्यानं ही पार्टिशनं सरळ उघडतात. आरसिंक या कॉपी करायच्या कमांडनं सगळं उतरवलं, डिझाइनच्या काही फाइली दोन्हीकडे उघडून पाहिल्या आणि मशीन बंद केलं.

मग कॅबिनेट उघडलं. टॉवेलच्या कारखान्यातलं कॅबिनेट म्हणजे आत सुताची पांढरी लव इतकी, की पंख्याची पाती मोजता येईनात. ब्लोअर मारून एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कची सॅटा केबल काढून बाजूला ठेवली. पोरानं विचारलं, "काढायची कशाला? तिला हात लावायचाच नाही ना?" बरोबर, म्हणूनच काढायची. पार्टिशनच्या कमांडला मन नसतं. एसडीए, म्हणजे लिनक्सनं पहिल्या सापडलेल्या डिस्कला दिलेलं नाव, म्हटलं की ती एसडीएवर चालते, आणि एसडीए कोण हे मशीन दर वेळी सुरू होताना ठरतं, पुढच्या वेळी क्रम बदलू शकतो. केबल निघालेली असली की माणूस कितीही दमलेला असो, नको ती डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच नाही. जिथं दोन डिस्का आहेत तिथं मी हे प्रत्येकाला सांगतो. एनव्हीएमईवाल्या, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीच्या, लॅपटॉपमध्ये हे सोपं नसतं, तिथं मॉडेलचं नाव आणि साइज बघून खात्री करायची.

पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय अशा शब्दासकट. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीनं टाकलेलं होतं, पण बोर्डाला यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, येत होती. यूईएफआयवाली ओळ निवडली. काळ्या पडद्यावर आल्यावर ते खरंच लागू झालं का, हे /सिस/फर्मवेअर/ईएफआय या फोल्डरातली एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज ही फाइल वाचून कळतं. ६४ आलं. लेगसीत सुरू झालं असतं तर ती फाइलच नसती. हे आत्ता बघायचं, कारण पुढची सगळी मांडणी यावर ठरते. ज्यांच्या बोर्डाला यूईएफआय येतच नाही, त्यांनी जीपीटी (पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत) डिस्कवर ग्रब हा सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्रॅम टाकायचा झाला तर एक एमबीचं छोटं बायोस बूट पार्टिशन ठेवावं लागतं. आम्हाला त्याची गरज नव्हती.

डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारली. एसडीए २२३.६ जी, एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह. पोरगा लगेच म्हणाला, "२४० चे पैसे घेतले आणि २२३ दिली?" दुकानदाराचा काही दोष नाही. डिस्क बनवणारे जीबी दहाच्या हिशेबात मोजतात, हजार गुणिले हजार गुणिले हजार. एलएसबीएलके दोनच्या हिशेबात मोजतं, १०२४ च्या पटीत. तीच जागा, आकडा वेगळा. ५०० ची डिस्क तिथं ४६५.८ दिसते. पार्टिशन पाडताना आकडे याच दुसऱ्या हिशेबात द्यायचे, नाही तर बेरीज जुळत नाही.

एका चलनाच्या पाठीमागं मांडणी लिहिली. एक जीबी ईएफआयला (मशीन सुरू करायच्या फाइली), चार जीबी स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची जागा), साठ जीबी रूटला (खुद्द सिस्टम), आणि राहिलेले साधारण १५८ होमला (आपल्या फाइली). साठ का, तर आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमन उतरवलेली जुनी पॅकेजं स्वतःहून काढत नाही, /व्हार/कॅशे मध्ये साठवत राहतो. तीस जीबीचं रूट महिनोन्‌महिने अपडेट करून गच्च भरलेलं मी लोकांकडं पाहिलंय. स्वॅप चारच, कारण हायबरनेट करायचं नव्हतं. करायचं असतं तर साधारण रॅमएवढं लागलं असतं. ईएफआयला एक जीबी ऐकून काहींना उधळपट्टी वाटेल. विंडोज स्वतःसाठी बहुतेकदा शंभर एमबीचंच करतं. पण मी कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी लागणारी छोटी सिस्टम) त्याच पार्टिशनवर ठेवणार होतो, त्याला शंभर एमबी पुरत नाहीत. नंतर वाढवायला जावं तर शेजारचं पार्टिशन सरकवावं लागतं. सरकवण्यात जीव घालण्यापेक्षा एक जीबी गेला तरी चालेल.

होम वेगळं ठेवायचं कारण मघाशी सांगितलं तेच. रूट कधीही पुसता यावं, आणि डिझाइनं, चलनं जागची हलू नयेत. याची किंमतही आहे: एक भरलं आणि दुसरं रिकामं पडलं असं होऊ शकतं. घरच्या एकट्याच्या लॅपटॉपला मी एकच मोठं रूट पाडतो आणि मोकळा होतो. बीटीआरएफएस या फाइलसिस्टममध्ये (फाइली मांडायची पद्धत) सबव्हॉल्यूम, म्हणजे एकाच जागेतले कप्पे, करून हा पेच सुटतो हेही खरं, पण मामांच्या ऑफिसात मला डोक्याला ताप नको होता, साधं ईएक्सटी४ घेतलं. ते २००८ च्या शेवटी कर्नलमध्ये पक्कं झालं, एव्हाना त्याचे गुणदोष जगाला ठाऊक आहेत. वीज अचानक गेली तर जर्नलमुळं, म्हणजे बदलांच्या नोंदवहीमुळं, सावरतं. उन्हाळ्यात आमच्याकडं हे फार महत्त्वाचं.

सीएफडिस्क हे पार्टिशन पाडायचं साधन उघडलं. कोऱ्या डिस्कवर ते आधी पार्टिशनच्या तक्त्याचा प्रकार विचारतं: जीपीटी, डॉस, एसजीआय, सन. आजच्या मशीनला जीपीटीच. डॉस म्हणजे जुनी एमबीआर पद्धत, तिच्यात प्रायमरी पार्टिशनं चारच बसतात आणि ५१२ बाइटच्या सेक्टरला दोन टीबीपुढं जाता येत नाही. मामांच्या जुन्या डिस्कवर तीच होती. सिस्टम रिझर्व्हड, सी, डी आणि ई मिळून चारही जागा संपलेल्या, पाचवं पाडायचं म्हटलं तर तोडफोडच. जीपीटीत नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणजे सुरुवातीची खराब झाली तरी जीडिस्कनं मागच्या प्रतीवरून उभी करता येते.

पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू झालेलं दिसलं. पोराला वाटलं पुढची जागा वाया गेली. २०४८ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर एक एमबी. एसएसडी आतून मोठ्या ठोकळ्यांत लिहिते, पार्टिशनची हद्द त्या ठोकळ्यांशी जुळली नाही तर एका लिखाणाला दोन ठोकळे हलतात. एक एमबीच्या पटीत सुरुवात ठेवली की हा प्रश्न येत नाही, म्हणून आजची सगळी साधनं स्वतःच तशी सुरुवात करतात. बदलायच्या भानगडीत पडू नये.

चार तुकडे झाले. सीएफडिस्क प्रत्येकाला लिनक्स फाइलसिस्टम असा प्रकार देऊन टाकतं. पहिल्यावर जाऊन टाइपमध्ये ईएफआय सिस्टम निवडायचं, ते यादीत सगळ्यात वर आहे. दुसऱ्याला लिनक्स स्वॅप. फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलाच प्रोग्रॅम, बूटची फाइल शोधतं ते या प्रकारावरून, म्हणून पहिलं चुकवून चालत नाही. इथपर्यंत डिस्कवर खरं काहीच लिहिलेलं नसतं, सगळं पडद्यावरच. क्विट मारलं तर डिस्क होती तशी. राइट म्हटल्यावर ते विचारतं, खात्री आहे का, आणि नुसतं वाय दाबून भागत नाही, वाय-ई-एस अशी तीनही अक्षरं टाइप करावी लागतात. मी तिथं थांबून चलनाच्या पाठीवरची बेरीज परत वाचून घेतली, मग पोराला टाइप करायला सांगितलं. त्यानं एका बोटानं टाइप केलं.

फॉरमॅट मारणं चटकन झालं. पहिल्याला एमकेएफएस डॉट फॅट, फॅट३२ सांगून, कारण फर्मवेअरला ईएक्सटी४ कळत नाही. दुसऱ्याला एमकेस्वॅप. तिसऱ्या-चौथ्याला एमकेएफएस डॉट ईएक्सटी४. ते चालताना सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइलसिस्टमच्या मुख्य नोंदीच्या, प्रती कुठं ठेवल्या ते छापतं: ३२७६८, ९८३०४, १६३८४० अशी रांग. लोक हे न वाचता पुढं जातात. मूळ सुपरब्लॉक बिघडला तर ईटूएफएससीके या दुरुस्तीच्या कमांडला यातला एखादा आकडा देऊन पार्टिशन वाचवता येतं, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला.

आणखी एक छुपी गोष्ट. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं. रूट पार्टिशनवर ते ठीक आहे, डिस्क भरली तरी सिस्टमला श्वास घ्यायला जागा राहते. होमवर त्याला अर्थ नाही. १५८ चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ आठ जीबी नुसते अडकून बसतात. ट्यून२एफएसला उणे एम आणि १ देऊन होमवर एक टक्का केला.

आता माउंट. विंडोजमधून आलेला माणूस अडतो तो इथं. तिथं प्रत्येक पार्टिशनला स्वतःचं अक्षर, स्वतःचं घर. लिनक्समध्ये घर एकच, ते तिरक्या रेघेपासून सुरू होतं, आणि पार्टिशन त्यातल्या एखाद्या फोल्डरावर आणून बसवायचं. पेनड्राइव्हवरून चाललेल्या सिस्टमचं घर तर रॅममध्ये असतं. आपली नवी सिस्टम तिच्या /एमएनटी या रिकाम्या फोल्डरावर उभी करायची. आज जे /एमएनटी आहे ते उद्या डिस्कवरून सुरू झाल्यावर नुसती तिरकी रेघ होणार, आणि आजचं /एमएनटी/होम उद्याचं /होम.

क्रम महत्त्वाचा: आधी रूट, मग बाकीचे. का, ते सांगून पोराच्या डोक्यात शिरेना, म्हणून मुद्दाम उलटं करून दाखवलं. आधी चौथं पार्टिशन /एमएनटी/होमवर लावलं, त्यात एक रिकामी फाइल टाकली, आणि वरून तिसरं, म्हणजे रूट, /एमएनटीवर लावलं. आता /एमएनटीत पाहिलं तर फक्त लॉस्ट+फाउंड. होम गायब, फाइल गायब. पोराचा चेहरा पडला. पण एलएसबीएलके विचारलं तर तिथं चौथ्यापुढं /एमएनटी/होम तसंच लिहिलेलं. अंथरलेल्या गोधडीवर सोलापुरी चादर टाकली की गोधडी दिसत नाही, पण जात कुठंच नाही, तसंच हे. रूट अनमाउंट केल्याबरोबर होम आणि फाइल दोन्ही परत दिसले. मग सगळं काढून नीट लावलं: एसडीए३ /एमएनटीवर, एसडीए१ /एमएनटी/बूटवर, एसडीए४ /एमएनटी/होमवर. फोल्डर आधी करायचे नसतील तर माउंटला दोन रेघा देऊन एमकेडीआयआर म्हटलं की ते स्वतः करून घेतं. स्वॅपला स्वॅपऑन.

याच झाकण्याच्या प्रकारानं पुढंही लोकांचा घात होतो, म्हणून थोडं विस्तारानं सांगतो. समजा /बूट लावायचं राहिलं आणि पॅकेजं टाकली. तर कर्नल जाऊन बसतो रूट पार्टिशनवरच्या साध्या बूट फोल्डरात. कुणी तक्रार करत नाही, सगळं यशस्वी दिसतं. नंतर ईएफआय पार्टिशन तिथं लावलं की तो कर्नल झाकला जातो आणि खरं पार्टिशन रिकामं. मशीन सुरूच होत नाही. दुसरा प्रकार आणखी चकवणारा. सिस्टम महिनाभर छान चालते, पण एके दिवशी /बूट माउंट नसताना कर्नल अपडेट होतो. नवा कर्नल झाकणाखाली, मशीन सुरू होतं जुन्या कर्नलवर, आणि त्याची मोड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर वगैरे, /यूएसआर/लिब/मोड्यूल्समधून निघून गेलेली. मग पेनड्राइव्ह लावला तर दिसत नाही, वायफाय चालत नाही, आणि माणूस हार्डवेअरला शिव्या देतो. अशा वेळी मी आधी फाइंडएमएनटी /बूट मारतो, तिथं काय माउंट आहे ते ती कमांड सांगते. उत्तर रिकामं आलं की रोग कळला.

पॅकस्ट्रॅप या कमांडनं नव्या सिस्टमची पॅकेजं, म्हणजे बेस, लिनक्स आणि फर्मवेअर उतरवायला लावलं. तोवर मामींनी डबा पाठवला होता, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मामा वर येऊन पडद्याकडं बघून गेले. "माग सुरू झाल्यासारखं दिसतंय," म्हणाले, कारण ओळी भराभर वर सरकत होत्या.

जेवून जेनएफएसटॅब, उणे मोठा यू देऊन. हे /एमएनटीखाली काय काय लावलंय ते बघून एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना काय कुठं माउंट करायचं त्याची यादी, तयार करतं, एमएनटी हा शब्द स्वतः गाळून. मोठा यू दिला की एसडीए३ वगैरे न लिहिता यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहितं. नावं बदलतात, यूयूआयडी बदलत नाही, फॉरमॅट मारला तरच बदलतो. फाइलीच्या शेवटी जोडण्याचा दुहेरी बाण वापरतात, त्यामुळं कमांड दोनदा चालवली तर नोंदीही दुहेरी होतात. उघडून बघायलाच पाहिजे. फॅटचा यूयूआयडी बाकीच्यांपुढं अगदी आखूड दिसतो, चार अक्षरं, रेघ, चार अक्षरं. ते बिघडलेलं नसतं, तो तेवढाच असतो. ओळीतले सहा रकाने म्हणजे काय लावायचं, कुठं, कोणता प्रकार, कोणते पर्याय, डंप, आणि तपासणीचा क्रम. शेवटच्या रकान्यात रूटला १, बाकीच्यांना २ आणि स्वॅपला शून्य. /बूटच्या पर्यायात एफमास्क आणि डीमास्क ००७७ केले, नाही तर सिस्टमडी-बूट हा मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम टाकताना बूटसीटीएल कुरकुर करतं, की हे फोल्डर सगळ्यांना उघडं आहे.

आर्च-क्रूट करून नव्या सिस्टमच्या आत जाणं, वेळ, भाषा, पासवर्ड, युजर, बूटसीटीएल इन्स्टॉल, त्याची छोटी नोंद ज्यात रूटचा यूयूआयडी जातो, हे सगळं ठरलेल्या वाटेनं झालं. बाहेर येऊन अनमाउंट, मोठा आर देऊन, म्हणजे आतून बाहेर क्रमानं सगळं सुटतं. "टार्गेट इज बिझी" असं आलं. पोरगा दुसऱ्या टर्मिनलवर /एमएनटी/होममध्ये जाऊन बसला होता. त्याला बाहेर काढल्यावर सुटलं.

पेनड्राइव्ह काढून सुरू केलं, आलं. मग मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल परत लावली. तिच्या डी ड्राइव्हची ओळ एफएसटॅबमध्ये हातानं लिहिली: एनटीएफएस३, फक्त वाचायला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोफेल. नोफेल नसेल आणि ही डिस्क एके सकाळी उठलीच नाही, तर सिस्टमडी, म्हणजे मशीनवरचं सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम, दीड मिनिट तिची वाट बघतं आणि मग मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन ठेवतं. मामा तिथून काय पुढं जाणार. नोफेल असलं की डिस्क मेली तरी मशीन उठतं, फक्त तो फोल्डर रिकामा दिसतो. जोडीला थांबायची मुदत दहा सेकंद केली. फाइंडएमएनटीला व्हेरिफाय देऊन फाइल तपासली, सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग माउंट उणे ए. रीस्टार्ट करायच्या आधी हे तीन करणं मला बरं वाटतं, चूक असेल तर चालू मशीनवरच कळते. एफएसट्रिमचा, म्हणजे रिकामी झालेली जागा डिस्कला कळवायचा, आठवड्याचा टायमरही चालू केला, एसएसडीसाठी.

डिझाइनं होममध्ये आली, मामांनी त्यातली एक उघडून रंग बरोबर दिसतात का ते पाहिलं आणि प्रिंटरचं विचारलं. प्रिंटर हा वेगळाच विषय आहे, त्यात मला फार त्रास झाला, पण त्याचा डिस्कशी संबंध नाही.

आता पोराला स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स पाहिजे. तिथं डिस्क एकच, एनव्हीएमई, म्हणजे पार्टिशनचं नाव एनव्हीएमई०एन१पी३ असं लांबलचक, आणि केबल काढायची सोय नाही. त्याला दोन कामं दिलीत. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटमधून, आक्रसून घे, बाहेरून नको. आणि त्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघ. असेल तर अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही. ती रिकव्हरी की हाती आल्यावर ये म्हटलंय. अजून आलेला नाही.